मंत्रिमहोदय, इशारा जिल्ह्याला नको, खाडीच्या तोंडाला द्या

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: प्रत्येक मासेमारी बंदरासाठी भरती-ओहोटी, लाट आणि वारा यांचा एकत्रित, तासवार अंदाज मिळण्याबाबत

महोदय,

‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ वर्षातून कितीतरी वेळा हे वाक्य आमच्या मोबाईलवर येते. ते कोणत्या खाडीसाठी आहे आणि कोणत्या तासासाठी, हे त्यात नसते. जिल्ह्याला एक इशारा, नाहीतर अख्ख्या किनाऱ्याला एक. लहान नौकेचा खरा धोका बहुतेक वेळा खाडीच्या तोंडावर असतो, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावरच्या शे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात. तिथे सकाळी अकराला पाणी शांत असते आणि दुपारी चारला तिथेच नौका उलटते. इशारा मात्र दोन्ही वेळांना एकच. मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन्ही खाती आज आपल्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्यालाच.

आमच्याकडे जुना हिशेब आहे, पाऊणपटीचा. तिथीला पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हिशेब चांगला आहे, पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणपट धरते ४५. तीन-तीन मिनिटे साठत जातात आणि चतुर्दशीला पाऊणपट साडेदहा सांगते तेव्हा पाणी भरायला सव्वाअकरा होतात. शिवाय हे सरकणे रोज सारखे नसते: उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते-उतरते तेव्हा, भरती रोज चाळीस मिनिटांच्या आसपास पुढे जाते; अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे पाणी सर्वांत कमी हलते तेव्हा, तासाहून जास्त. आणि मुळात हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते. मालवणात ती मुंबईच्या साधारण तासभर आधी येते, डहाणूत मुंबईनंतर. पाण्याची चढ-उतारही मालवणकडे मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे वर्तमानपत्रात छापून येणारी मुंबईची भरती वेंगुर्ल्याच्या तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या म्होरक्याच्या, कामाची नाही.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे. तिथल्या पातळ्या पक्क्या ठाऊक आहेत: सरासरी उधाणाची भरती ४.४२ मीटर, ओहोटी ०.७६, भांगाची भरती ३.३०, ओहोटी १.८६. उधाणात पाणी ३.६६ मीटर हलते, भांगात जेमतेम १.४४. तेही एका चालीने नाही. सहा तासांचे हिस्से धरले तर पहिल्या तासात बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणून उधाणाच्या मधल्या दोन तासांत खाडीच्या तोंडातून पाणी सर्वांत जोरात धावते. दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. मुंबईकडे पावसाळ्यात दिवसाची मोठी, थंडीत रात्रीची मोठी. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते ती शहरात पाणी तुंबेल म्हणून. ओहोटीची यादी कुणी काढत नाही, आणि आमचे अडते ते ओहोटीला.

जाळ्यानुसारही गरज बदलते, हे खात्यातल्या नव्या अधिकाऱ्यांसाठी लिहितो. डोल पाण्याच्या ओढीवर चालते. खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे, आणि प्रवाहाबरोबर आलेला बोंबील, जवळा, करंदी आत. त्यामुळे सातपाटी-वसईकडच्या डोलवाल्यांना उधाण हवे. भांगात जाळे लोंबकळत राहते. पाणी थांबते त्या थोड्या वेळात जाळे उचलायचे. ती वेळ वीस मिनिटांनी जरी चुकली तर ओढ पुन्हा लागते आणि भरलेले जाळे वर येत नाही, दोर तुटतात. पाण्यात भिंतीसारखे उभे सोडलेल्या वाहत्या गिलनेट जाळ्याचे उलटे. उधाणाच्या ओढीत जाळे उभे न राहता आडवे पडते, बोये पाण्याखाली जातात, आणि ताशी दोन सागरी मैलांचा प्रवाह तीन तासांत जाळे सहा मैल वाहून नेतो, कधी दुसऱ्याच्या जाळ्यात. त्यांना भांग बरा, आणि रात्र काळोखी हवी. चांदण्यात जाळे माशाला दिसते. पण अमावस्येचा काळोख आणि उधाण एकाच वेळी येतात. म्हणून गिलनेटवाला वद्य अष्टमीच्या मागेपुढे चंद्र उगवायच्या आतली रात्र शोधतो. शुद्ध अष्टमीला तोच हिशेब मध्यरात्रीनंतरचा.

आता मूळ दुखण्याकडे. अमावस्या-पौर्णिमेला उत्तर कोकणात भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी सहाला. म्हणजे बारा ते सहा पाणी खाडीतून बाहेर धावते. पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, बाहेर पडलेली नौका परतते तीही याच वेळी, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा दुपारी दोन ते पाच जोरात असतो. मार्चपासून मेपर्यंत तो वायव्येकडून अधिकच चढतो. बाहेरून आत येणारी लाट आणि आतून बाहेर जाणारे पाणी समोरासमोर भिडले की लाट आखूड होते, उभी राहते आणि दांड्यावर फुटते. आत शिरणाऱ्या नौकेला ती मागून उचलते, सुकाणूची पकड जाते, नौका आडवी होते, पुढची लाट उलटवते. हवामान खात्याच्या लेखी त्या दिवशी काहीच नसते, कारण वारा इशाऱ्याच्या मर्यादेत, ताशी तीस किलोमीटर. अष्टमीला याच्या उलट: ओहोटी दुपारी बाराला, मग संध्याकाळपर्यंत भरती, वारा आणि पाणी एकाच दिशेने आत. तोच वारा, तीच खाडी, पण नौका लोण्यासारखी आत येते. हा फरक कुठल्याच इशाऱ्यात दिसत नाही.

गाळाचा प्रश्न याच हिशेबात बसतो. उदाहरण मांडून दाखवतो. नौका पाण्याखाली १.२ मीटर बुडते. लाट एक मीटरची असेल तर तिच्या खळग्यासाठी अर्धा मीटर सोडायचा, तळाखाली आणखी अर्धा मीटर मोकळा. दांड्यावर एकूण २.२ मीटर पाणी हवे. दांडा भरती कोष्टकाच्या शून्य पातळीखाली (कोष्टकातली उंची जिथून मोजतात ती पातळी) ३० सेंटिमीटर असेल तर कोष्टकातली भरती १.९ मीटर झाली की वाट खुली. मुंबईच्या पातळ्या धरल्या तर भांगात जवळपास दिवसभर खुली. उधाणात सहाच्या ओहोटीभोवती सुमारे साडेचार तास बंद, पावणेचार ते सव्वाआठ. आता त्याच दांड्यावर ६० सेंटिमीटर गाळ बसू द्या. उधाणात वाट तीनपासून नऊपर्यंत बंद. आणि जो भांग दिवसभर खुला होता, तिथे प्रत्येक ओहोटीला साडेपाच तास कुलूप. दोन फूट गाळाची ही किंमत. अंदाजात ‘लाट दीड मीटर’ लिहिलेले असते ती मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. त्यातली एखादी जवळपास दुप्पट असू शकते. आणि दीड मीटरची लाट दोन मीटर खोलीवर फुटते. त्यामुळे खोली ठाऊक नसेल तर लाटेचा आकडा अर्धाच उपयोगाचा. सातपाटीच्या खाडीत आणि रत्नागिरीच्या मांडवीच्या तोंडाशी गाळाची ओरड वर्षानुवर्षे आहे. तिथे आज दांड्यावर किती पाणी आहे हे सांगणारा एकही फलक धक्क्यावर नसावा, हे आम्हाला अनाकलनीय वाटते.

वादळाच्या इशाऱ्यालाही हाच नियम. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा हंगाम भरात होता आणि नौका बाहेर होत्या. साठ सागरी मैलांवरच्या नौकेला ताशी सात मैलांनी परतायला साडेआठ तास लागतात. तोंडाशी पोचल्यावर वाट बंद असेल तर आणखी सहा तास, तेही वाढत्या वाऱ्यात, नांगरावर. म्हणजे ‘परत या’ हा निरोप निदान पंधरा तास आधी हवा, आणि त्यात ‘तुमची खाडी इतक्या वाजेपर्यंत खुली, नंतर अमुक बंदरात जा’ हेही हवे. जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा खोल आडोशांची नावे त्या निरोपात असली पाहिजेत. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या नौका देवगडला येऊन थांबल्या होत्या. आपल्या नौकांना मात्र कुठे जायचे हे आपापसात विचारावे लागते.

शास्त्र नाही अशी आमची तक्रार नाही. हैदराबादची इन्कॉईस संस्था लाटांचा अंदाज देते, संभाव्य मत्स्यक्षेत्र सांगते. सात मीटरपर्यंत रुंदीच्या लहान नौकांसाठी त्यांची वेगळी सल्ला-सेवाही २०२० पासून आहे. त्यात लाटेची उंची, तिचा उभेपणा आणि वाऱ्याची वाढ एकत्र करून धोका मोजला जातो. आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. मोबाईलची रेंज संपते तिथे हे यंत्र दोन्ही बाजूंनी निरोप नेते. राहिले आहे ते शेवटचे दोन किलोमीटर: खोल समुद्रातल्या अंदाजापासून खाडीच्या तोंडापर्यंतचे. ते काम हैदराबादचे नाही, राज्याचे आहे.

त्यासाठी काय लागेल? प्रत्येक मासळी उतरण्याच्या ठिकाणी एक खांब, दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेला, कोष्टकाच्या शून्याशी जुळवून पक्का रोवलेला. पट्टी सैल रोवली किंवा शून्य चुकले तर ती नसलेलीच बरी, कारण लोक तिच्यावर भरवसा ठेवतील. त्याच्याजवळ महिनाभर पाण्याच्या दाबावर चालणारे नोंदयंत्र ठेवले तर २९-३० दिवसांच्या नोंदीवरून त्या खाडीचे स्वतःचे वर्षभराचे भरती कोष्टक काढता येते. हे रोजचे, ठरीव तंत्र आहे, संशोधन नव्हे. दांड्याची खोली वर्षातून दोनदा मोजावी: एकदा पावसाळ्याचा पूर ओसरल्यावर, पावसाळी मासेमारी बंदी उठण्याआधी जमले तर उत्तमच, आणि एकदा मार्चच्या आधी, कारण वाळू हंगामातच जागा बदलते. मोजणी सागरी मंडळाने करावी, आकडा धक्क्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. बंदरांवर नौकांची आवक-जावक नोंदणारे सुरक्षा रक्षक आहेतच. रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्यांना खांबावरचा आकडा वहीत टिपायला त्यांना फार वेळ लागणार नाही. कोष्टक आणि वही यांत फरक दिसू लागला की समजायचे, हवामान बदलतेय: हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते, आणि किनाऱ्याकडे सतत वाहणारा वारा त्याहून जास्त चढवतो. कोष्टकात यातले काही नसते.

आणि निरोपाची भाषा. संध्याकाळी सातला, मराठीत, आवाजात, प्रत्येक खाडीसाठी वेगळा. नमुना असा: ‘उद्या अमावस्या. भरती दुपारी बारा, चार पूर्णांक चार मीटर. ओहोटी संध्याकाळी सहा, शून्य पूर्णांक आठ. दांडा शून्याच्या वर तीस सेंटिमीटर. वारा दोननंतर वायव्य, ताशी तीस. लाट एक मीटर. दीडच्या आत आत या, नाहीतर रात्री नऊनंतर.’ वाचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. यातल्या प्रत्येक आकड्यावर तांडेल स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. ‘समुद्रात जाऊ नये’ यावर फक्त ऐकणे किंवा न ऐकणे एवढेच उरते, आणि सरसकट इशारे वाढले की लोक न ऐकण्याकडे झुकतात, हे आम्ही लपवत नाही.

जाता जाता बंदीच्या तारखेबद्दल. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी कॅलेंडरची, उधाण तिथीचे. २०२६ मध्ये आषाढी पौर्णिमा २९ जुलैला, म्हणजे १ ऑगस्ट थेट उधाणात. पावसाळी लाटही तेव्हा उतरलेली नसते. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची जुनी रीत शहाणी होती, पण तीही सरकते: २०२५ मध्ये ८-९ ऑगस्ट, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे २७-२८ ऑगस्ट. तारीख बदलावी की नाही हा वाद वेगळा, त्यावर किनाऱ्यावरही एकमत नाही. बंदी उठल्यावरचे पहिले चार दिवस उधाणाचे असतील तर त्या दिवसांसाठी प्रत्येक खाडीच्या सुरक्षित वेळा ३० जुलैला जाहीर कराव्यात, एवढे तर होऊ शकते.

सुरुवात दहा खाड्यांपासून करा, पाच उत्तरेच्या, पाच दक्षिणेच्या. खांब कुठे रोवायचा, पाणी कुठे फुटते आणि कोणत्या बाजूने वळसा घ्यावा हे दाखवायला प्रत्येक ठिकाणचा तांडेल आपल्या माणसांबरोबर होडीत बसेल. फक्त येताना भांगाचा दिवस निवडा आणि ओहोटीला या. भरतीला दांडा दिसत नाही.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील नौकामालक, तांडेल आणि खलाशी