बॉक्सचा पत्ता

चि. रोहनास,

अनेक आशीर्वाद.

सोमवारी भिवंडीच्या रेकॉर्ड गोडाऊनमध्ये, म्हणजे ग्राहकांची जुनी कागदपत्रं सांभाळतात तिथं, रुजू होशील. तिथं सगळे बॉक्स सारखेच, खाकी पुठ्ठ्याचे. आत कर्जाच्या फायली आहेत की इस्पितळाचे केसपेपर, हे वरून कळत नाही, आणि उघडून बघायचंही नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं किमान 8 वर्षं जपावी लागतात. तू आज ठेवलेला बॉक्स तेव्हा भलताच कुणी शोधेल, त्याच्या हातात फक्त सिस्टिममधला पत्ता, म्हणजे रॅकच्या कुठल्या खणात बॉक्स आहे ती नोंद, असेल.

म्हणून आधी बॉक्स खणात ठेव, मग त्याचा बारकोड स्कॅन कर आणि लगेच त्याच खणाचा. ट्रॉलीवरच दहा बॉक्स स्कॅन करायचा मोह होतो. मग खणात आठच मावतात, उरलेले दोन शेजारी सरकवले जातात आणि ते दोन हरवतात. चोरीपेक्षा बॉक्स असेच जास्त जातात. बॉक्स सापडला नाही तर आधी त्याच खणाची मागची रांग बघ, मग वर-खाली, आजूबाजू, शेवटी गल्लीच्या समोरच्या बाजूचा तोच क्रमांक.

स्टिकर बॉक्सच्या अंगावर हवं, झाकणावर कधीच नको. झाकणं अदलाबदल होतात. जुना बॉक्स पुन्हा वापरला असेल तर आधीचा बारकोड पूर्ण खरवडून काढ, नाहीतर स्कॅनर भलताच नंबर उचलतो. गल्लीच्या टोकाला वायफाय तुटतं. अशा वेळी स्कॅनर बीप करतो, पण नोंद आतच अडकलेली असू शकते. शिफ्ट सोडण्याआधी सगळं अपलोड झालंय का बघ.

एकच फाइल मागवली असेल तर बॉक्स टेबलावर आणून उघड. फाइल काढलीस की तिच्या जागी चिठ्ठी घाल: फाइल नंबर, मागणी नंबर, तारीख. चिठ्ठी नसली की पुढचा माणूस फाइल गहाळ झाली म्हणून बोंब मारतो. फाइल परत आली की त्याच जागी घाल आणि चिठ्ठी काढ. ही दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात.

भरलेला बॉक्स 12 ते 15 किलो भरतो. नुसत्या खाचांत बोटं घालून उचलू नकोस, खाच फाटते. एक हात तळाखाली हवा. शिडीवर बॉक्स घेऊन चढायचं असेल तर खाली दुसरा माणूस पाहिजेच. सर्वांत वरच्या थरापासून स्प्रिंकलरपर्यंत दीड फूट मोकळं सोड, नाहीतर आग लागली तर पाणी पसरत नाही.

पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, खालचा बॉक्स फुगतो आणि वरची चळत कलते. ओला बॉक्स रॅकवर चढवायचा नाही, वेगळा ठेवून सुपरवायझरला दाखवायचा. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवी. ती पुसून टाकू नकोस, जागा दाखव, कारण औषध तिथंच मारायचं असतं.

नष्ट करायच्या मालात मात्र घाई नको. ग्राहकाची लेखी मंजुरी आणि यादी हातात असल्याशिवाय श्रेडरकडे, म्हणजे कागदाचे तुकडे करणाऱ्या यंत्राकडे, एकही बॉक्स जाऊ देऊ नकोस, आणि यादी दुसऱ्या माणसाकडून ताडून घे. कोर्टात प्रकरण चालू असेल तर मुदत संपली तरी तो बॉक्स जागचा हलत नाही.

पुठ्ठ्यानं तळहात सोलतात, रबरी ठिपक्यांचे हातमोजे घेऊन जा.

तुझे,
बाबा