दात कारखान्यात झिजतात, तर तपासणीही तिथेच व्हावी : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री,

सविनय नमस्कार.

मी दंतवैद्य आहे. कारखान्यांमधल्या शिबिरांना नेहमी जाणं होतं. तिथे तोंडात टॉर्च मारून बघायचं, हातात टूथपेस्ट द्यायची आणि फोटो काढायचा, असा ठरलेला कार्यक्रम असतो. ‘दिवसातून दोनदा ब्रश करा’ हे तर कामगारच आता माझ्याआधी म्हणून दाखवतात. पण आपल्या खात्यातली हवा आपल्या दातांचं काय करते, हे त्यांना कुणीच सांगत नाही.

प्लेटिंग खात्यातल्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या खात्यातल्या, एका कामगाराचे पुढचे दात कडेला झिजून काचेसारखे आरपार दिसत होते. दाढा मात्र ठणठणीत. “वय झालं, डॉक्टर,” म्हणाला. चाळिशीही गाठली नव्हती! हे किडीचं काम नव्हतं. आम्लाचे बारीक तुषार हवेत असतात आणि बोलताना जे दात उघडे पडतात त्यांच्यावरच बसतात. तोंडातला पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळू लागतं. बॅटरीच्या कारखान्यातही हाच प्रकार. त्यात हा माणूस मोठा शिस्तीचा. तोंडाची आंबट चव जावी म्हणून पाळी सुटली की लगेच खसाखसा ब्रश करायचा आणि मऊ पडलेलं इनॅमल स्वतःच्या हाताने घासून काढायचा. आधी साध्या पाण्याने चूळ भर, अर्धा-एक तास जाऊ दे, मग फ्लोराइडच्या पेस्टने हलक्या हाताने घास, इतकंच त्याला सांगायला हवं होतं.

प्रत्येक खात्याचं दुखणं वेगळं. गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात साखरेची धूळ दातांना कीड लावते, दगड-सिमेंटची धूळ दात घासून बोथट करते. शिसं अंगात गेलं की हिरडीच्या कडेला निळसर रेघ उमटू शकते. लंडनचे डॉक्टर हेन्री बर्टन यांनी ती 1840 मध्येच नोंदवली आहे. काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे सडले, तेव्हा 1906 च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात काडेपेट्यांसाठी त्या फॉस्फरसवर बंदी आली. म्हणजे तोंडाचं दुखणं कामगार कायद्याला नवं नाही.

तंबाखूचं वेगळंच. रात्रपाळीत झोप उडवायला ती लागते, आणि दाढ ठणकली की तिथेच दाबून ठेवली जाते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा ही कर्करोगाची सुरुवात असू शकते, म्हणून दाखवायलाच हवी, हे ठाऊक असणारे मला फार थोडे भेटतात. हिरडीतून रक्त आलं की तर ब्रश करणंच बंद! ज्यांना ठाऊक असतं तेही येत नाहीत, कारण दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. मग गोळ्यांवर दिवस काढायचे आणि शेवटी दाढच उपटून टाकायची.

आमची मागणी फार खर्चाची नाही. वर्षाच्या आरोग्य तपासणीत तोंडाची तपासणी सक्तीची करा आणि ती दंतवैद्याकडून, भरपगारी वेळेत होऊ द्या. हेल्मेट-हातमोज्यांच्या प्रशिक्षणात त्या त्या खात्यापुरती दहा मिनिटं दातांना द्या, तीही कामगाराच्या भाषेत. आणि जिथे आम्लाच्या टाकीवरचा एक्झॉस्ट बंद पडलेला आहे, तिथे चूळ भरायला सांगून जबाबदारी कामगारावर ढकलू देऊ नका. निरीक्षकाने मालकालाच नोटीस द्यावी.

आपला,
एक दंतवैद्य