बर्गनमध्ये भेटलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमचे जहाज नॉर्वेतल्या बर्गनला जेमतेम अर्धा दिवस थांबले होते, आणि त्या अर्ध्या दिवसाबद्दल तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे रत्नागिरीला परतल्यावरही मला उमगलेले नाही. तुमचे नाव येथे लिहीत नाही, कारण ते चारचौघांत यावे असे तुम्हाला आवडणार नाही, याची मला खात्री आहे.

जहाजावर सहलींची नोंदणी करणाऱ्या माणसाने, बाबा शेजारी उभे असताना, त्यांच्याकडे न पाहता मला विचारले होते, "यांना दिसत नाही, मग शहर पाहायला नेऊन काय उपयोग?" आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेले माझे बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत, थोड्या वेळाने "तू जाऊन ये, मी खोलीत बसतो," एवढेच म्हणाले. तो प्रसंग आठवला की आजही माझ्या मनाचा संताप होतो. शेवटी मी हट्टाने त्यांना खाली उतरवले.

ब्रिगेन या बंदरावरच्या जुन्या वस्तीतल्या लाकडी घरांसमोर, भर पावसात, मी बाबांशी मराठीत बोलत होते आणि ते ऐकून तुम्ही थांबलात. "नमस्कार काका, मी इथेच राहते. आतल्या बोळात यायला आवडेल का तुम्हाला?" हे तुम्ही मला नव्हे, त्यांना विचारलेत. मग तुम्ही त्यांचा दंड पकडला नाहीत. आपले कोपर त्यांच्या हाताला लागेल असे धरलेत आणि अर्धे पाऊल पुढे राहून चालू लागलात. दृष्टी गेल्यापासून बँकेत, दवाखान्यात, रेल्वेच्या फलाटावर माणसे बाबांना सामान सरकवावे तसे इकडून तिकडे सरकवतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण कुठे जायचे आहे हे त्यांनाच विचारावे, असे सहसा कुणाला सुचत नाही. तुमच्या त्या पुढे केलेल्या कोपराइतके मला दुसरे काहीही मोलाचे वाटत नाही.

बोळातल्या ओल्या फळ्यांवर पायरी आली की तुम्ही आधी सांगत होतात. एका घराच्या कोपऱ्यावर, जिथे ओंडके खाच पाडून एकमेकांत अडकवलेले आहेत, तिथे तुम्ही थांबलात आणि बाबांनी ती खाच बोटांनी चाचपून, खालपासून हात पोहोचेल तिथवर, सावकाश पाहिली. 1702 च्या आगीनंतर ही घरे जुन्याच आखणीवर पुन्हा उभी राहिली, हे तुम्ही सांगितल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. सुमारे 1360 पासून तेथे वखार चालवणारे हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाचे जर्मन व्यापारी उत्तर नॉर्वेतला सुकवलेला कॉड मासा विकत घेत आणि बदल्यात धान्य आणत, हे ऐकून कोकणातल्या माणसाला मासळीच्या व्यापाराची नवलाई वाटली नाही, पण आगीच्या भीतीने या घरांत कडाक्याच्या थंडीतही विस्तव पेटवू देत नसत, हे ऐकून मात्र त्यांनी लगेच विचारले, "मग जेवत कुठे होते?" मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या सभागृहांत विस्तवाची मुभा असे, तिथेच सगळे जेवायला आणि ऊब घ्यायला जमत, असे तुम्ही सांगितलेत. 1955 च्या आगीनंतरच्या उत्खननात रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत मजकूर कोरलेल्या शेकडो काठ्या मिळाल्या आणि त्यांत मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्यांबरोबर प्रेमाचे निरोपही होते, हे तर बाबा आता भेटेल त्याला सांगतात. मागच्या चौकातल्या लाकडी कॉडच्या तोंडापासून शेपटीपर्यंत हात फिरवताना ते मोठ्याने हसले. तसे हसणे मी फार दिवसांनी ऐकले.

अनोळखी माणसासाठी स्वतःचे काम बाजूला ठेवून, पावसात भिजत, त्याच्या चालीने चालणे ही माझ्या मते फार मोठ्या मनाची गोष्ट आहे. अशी माणसे कमी बोलतात आणि उपकाराचा आव आणत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी तरी लिहावे, असे मला मनापासून वाटते.

बाबांचा एक प्रश्न मात्र तुमच्यासाठी राहिला आहे. वखारीतल्या त्या जर्मन तरुणांना लग्न करायची मनाई होती, असे तुम्ही म्हणाला होतात. मग आजारी पडल्यावर त्यांचे कोण करत असे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. सवडीने कळवावे.

आपली कृतज्ञ,
काकांची मुलगी