भंगारात काढण्याआधी एक पातं तपासा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिलं होतं, की जुनी विजेची यंत्रं दुरुस्त करणारे आता उरले नाहीत, तेव्हा ती वेळेत भंगारवाल्याला देऊन टाकावीत. यातलं पहिलं मला पटतं, दुसरं नाही. का, ते आमच्या घरातल्या पिनबॉलच्या, म्हणजे उतरत्या फळीवर गोळी खेळवायच्या यंत्रावरून सांगतो.

माझा थोरला भाऊ बोटीवर होता. 1986 साली त्याने मुंबई बंदराजवळच्या दारूखाना भागात, तोडायला आलेल्या एका बोटीच्या सामानातून हे यंत्र उचललं. अमेरिकी बनावटीचं, 115 व्होल्टचं. म्हणून लोहार चाळीतून ट्रान्सफॉर्मर आणून जोडला. आमच्या लहानपणी खिळे ठोकलेला बॅगेटेलचा पाट असायचा, त्याचाच हा विजेवर चालणारा भाऊबंद. पण बॅगेटेलमध्ये गोळी सुटली की आपण नुसतं बघायचं. इथे खाली दोन फ्लिपर, म्हणजे छोटे दांडे असतात, बटण दाबलं की ते उसळतात आणि घरंगळत आलेली गोळी परत वर धाडतात. ही कल्पना 1947 साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी आणली. त्याआधी सगळा कारभार बहुतांशी नशिबाचा होता. न्यूयॉर्क शहराने 1942 साली पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली, ती उठायला 1976 उजाडलं. फ्लिपर लुळा पडला की यंत्रातला खेळच जातो, म्हणून एवढं सांगितलं.

दादा गेल्यावर यंत्र चार वर्षं चादरीखाली होतं. या दिवाळीत नातवंडांनी चादर काढली, तर डावा फ्लिपर जेमतेम उचलत होता. उजवा ठणठणीत. बोलावलेल्या कारागिराने वरवर पाहिलं आणि सांगितलं, “कॉइल गेली. ही आता मिळत नाही. यंत्र काढून टाका.” पुतण्याने भंगाराचा भावही विचारून ठेवला. वहिनींनी मला फोन केला, “भाऊजी, तुम्ही एकदा बघून जा. मग द्यायचं ते देऊ.”

मी टेलिफोन खात्यात स्ट्रोजर एक्स्चेंजवर, म्हणजे जुन्या यांत्रिक स्विचांच्या एक्स्चेंजवर होतो. रिले म्हणजे विजेने चालणारे स्विच, त्यांची पाती, पात्यांवरचे एकमेकांना टेकणारे पॉइंट, यांतच माझी नोकरी गेली. यंत्राचा प्लग काढून, गोळी बाजूला ठेवून खेळाची फळी वर उचलली, तेव्हा आत सगळी ओळखीची माणसं भेटावीत तसं झालं.

कॉइलमध्ये वीज आली की ती लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, आत ओढते आणि फ्लिपर उसळतो. या कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, झटका देणारं. दुसरं बारीक तारेचं, फ्लिपर वर गेल्यावर त्याला नुसतं धरून ठेवणारं. बारीक वेटोळ्याला समांतर एक पात्यांचा स्विच असतो. फ्लिपर खाली असताना तो मिटलेला असतो, त्यामुळे सगळा करंट जाड वेटोळ्यातूनच जातो. फ्लिपर वर पोचला की तो उघडतो, बारीक वेटोळं मध्ये येतं आणि करंट कमी होतो. आता हा स्विच काळवंडून नीट मिटलाच नाही, तर बारीक वेटोळं कायमचं आड येतं आणि फ्लिपरमध्ये दमच राहत नाही. कॉइल मात्र धडधाकट असते.

मल्टिमीटर लावला. उजव्या कॉइलवर 3 ओहमच्या आसपास, डाव्या कॉइलवर 40 च्या वर. डाव्या स्विचची पाती बोटाने दाबून धरली, तर काटा तिथेही 3 वर आला. कॉइल गेली असती तर हे झालं नसतं. दोष तिथेच कळला. चौपाटीपासून ते घर चालत सात मिनिटांवर. खारी हवा आणि चार पावसाळे, पॉइंट काळे पडणारच.

हे पॉइंट टंगस्टनचे असतात, त्यांना बारीक सपाट कानस चालते. रिलेंवरचे चांदीचे पॉइंट मात्र कानशीने घासू नयेत, स्वच्छ कागदाची पट्टी मधून ओढली की पुरे. मग पात्याला किंचित बाक दिला. फ्लिपर अगदी वर टेकतानाच स्विच उघडायला हवा आणि तेव्हा पॉइंटमध्ये साधारण 3 मिलिमीटर फट हवी. लवकर उघडला तर झटका अपुरा पडतो. उघडलाच नाही तर फार वाईट: बटण दाबून ठेवलं की जाड वेटोळं तापत जातं आणि कॉइल खरोखरच जळते. अशा वेळी फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार बांधणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका, घर पेटेल.

आणखी एक सापडलं. कोणीतरी प्लंजरवर शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. त्यात धूळ बसून चिक्की झाली होती. प्लंजर ज्यात सरकतो ती नायलॉनची नळी कोरडीच चालते. ती साबणाने धुतली, सुकवली, बसवली. नळी आणि पॉइंट मिळून दीड तास गेला. नवा भाग एकही लागला नाही. पहिलीच गोळी डाव्या फ्लिपरने थेट वरच्या घंटेला नेऊन भिडवली आणि वहिनी आतून पदर सावरत बाहेर आल्या. दादा खेळायचा तेव्हा हाच आवाज घरभर जायचा.

त्या कारागिराला मी दोष देत नाही. त्याला हे कुणी दाखवलंच नाही. आम्ही निवृत्त झालो आणि हाताला येणारं शहाणपण घरी घेऊन बसलो. आपल्या दैनिकाने आठवड्यातून चार बोटं जागा अशा दुरुस्तीला द्यावी, ही माझी मनापासूनची विनंती आहे. शिलाई मशीन, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, काहीही चालेल. लिहिणारे माझ्यासारखे पुष्कळ निघतील.

कुणाकडे असं पिनबॉल चादरीखाली पडलं असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. दुपारी तीननंतर मी मोकळा असतो. मल्टिमीटर आणि कानस माझी मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक, गिरगाव, मुंबई