हायस्कूलच्या खोल्या मोजताना

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

ग्रामसभेत हायस्कूलचा विषय निघाला की कुणी बारा खोल्या मागेल, कुणी खर्च अर्ध्यावर आणा म्हणेल. तू आधी पोरांचा आकडा मांड. आपल्याकडे कर्नाटकात हायस्कूल आठवी ते दहावी. इमारत उभी राहायला दोन-तीन वर्षं जातात, म्हणजे तिथं पहिल्या वर्षी आठवीत बसणारी मुलं आज पाचवी-सहावीत आहेत. आसपासच्या प्राथमिक शाळांचे पट सीआरपींकडे, म्हणजे शाळांच्या गटाच्या साधनव्यक्तींकडे, असतात, ते घे. सोबत मागच्या तीन वर्षांत सातवीतली किती मुलं इंग्रजी माध्यमाकडे किंवा शहरात गेली तेही विचार. गळती वजा न करता आकडा सांगितलास तर कुणीही तो खोडून काढील.

खोल्यांचा हिशेब नुसत्या बेरजेनं होत नाही, कारण एकाच आवारात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही माध्यमं असतील. समज, आठवीत मराठीची ४४ आणि कन्नडची २२ मुलं आहेत. एकूण ६६, चाळीसच्या वर्गानं दोन खोल्या पुरतात असं वाटतं. पण दोन माध्यमं एका फळ्यासमोर बसवता येत नाहीत, आणि ४४ झाली की मराठीची दुसरी तुकडी मागितली जाते. तिन्ही इयत्तांना मिळून ६ ऐवजी ९ खोल्या. इथंच खर्च फुगतो. ६ बाय ८ मीटरची खोली ४८ चौरस मीटर, म्हणजे ४० मुलांना प्रत्येकी १.२. मराठीच्या तीन खोल्या ६ बाय ९ च्या केल्या तर तेवढ्याच ऐसपैस जागेत ४४ जण बसतात. तीन नव्या खोल्यांचे १४४ चौरस मीटर वाचतात, वाढतात फक्त १८.

आता तुलना. सहा वर्गखोल्या ३०६ चौरस मीटर. प्रयोगशाळा, संगणक, वाचनालय, ऑफिस, शिक्षकांची खोली मिळून २२४. भिंती, व्हरांडा, जिना यांसाठी ४५ टक्के धरले तर सुमारे ७७० होतात. बारा खोल्यांचा आराखडा त्याच हिशेबानं ११६० वर जातो. दर चौरस मीटरला २५,००० धरला तर फरक ९८ लाखांच्या आसपास. दर कुठलाही धर, पण दोन्ही आराखड्यांना एकच लाव, आणि जीएसटी, वीज, बाकं, कंपाउंड त्यात आहेत का ते विचार. बहुतेक वेळा नसतात.

अर्ध्या खर्चाचा आग्रह धरणारे पहिला हात पायाला आणि संडासांना लावतात. तिथं अजिबात ऐकू नकोस. बेळगावच्या खानापूरकडच्या जांभ्यावर चालणारा पाया काळ्या रानात चालत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात. एस्टिमेटमध्ये दीड मीटर खोली लिहिलेली असते, खणल्यावर मुरूम तीन मीटरवर लागतो. मग जादा कामाच्या मंजुरीसाठी काम जोत्यावर महिनोन् महिने पडून राहतं, उघड्या सळया गंजतात. म्हणून एस्टिमेटवर सही होण्याआधी जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यावर एक असे पाच खड्डे मुरूम लागेपर्यंत खणायला लाव. मुरूम फारच खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइल्सचा, म्हणजे खाली फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खोल खांबांचा, खर्च आत्ताच मांडायला सांग. पाया आणि कॉलम वरच्या मजल्याचं वजन धरून करायला सांग. पुढं पट वाढला तर खोल्या वर चढवता येतील. वर सोडलेल्या सळयांना मात्र पातळ काँक्रीटचं आवरण हवंच.

संडास ४० मुलांमागे एक या मापानं तिन्ही इयत्तांच्या १९८ मुलांना पाच लागतात, मुलींचे वेगळे आणि मुलांच्या वाटेपासून दूर. पाणी माणशी ४५ लिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ ९,००० लिटर. टाकी आणि बोअर आराखड्यात नसेल तर वर्षभरात त्या संडासांना कुलूप लागतं आणि मोठ्या मुली शाळेत येईनाशा होतात. हे सभेत मोठ्यानं सांग, तिथल्या बायका तुझ्या बाजूनं उभ्या राहतील.

पाच खड्ड्यांचा ठराव मात्र त्याच दिवशी लिहून घे, पीडीओंची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांची, सही झाल्याशिवाय उठू नकोस.

तुझी,
आई