चार फुटी टाकी घेण्याआधी

विश्रामबाग, सांगली
२६ मे

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतोस आणि माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. नानांसाठी माशांची चार फुटी टाकी घ्यायची नाही. ऑर्डर दिली असशील तर रद्द कर. सहस्रचंद्रदर्शनाला दिलीस ती दोन फुटी भरपूर झाली.

तू पाठवलेला तो अभ्यास मी वाचला. पर्ड्यू विद्यापीठातल्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी २००२ साली छापलेला. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जेवणघरात माशांच्या टाक्या ठेवल्या, तर ती माणसं जास्त जेवायला लागली, वजनं वाढली. मला त्यात शंका नाही. मामी गेल्यापासून नाना गावभागातल्या घरी एकटे, नुसता भात चिवडायचे. आता ताट घेऊन टाकीसमोरच्या खुर्चीत बसतात आणि भाकरी संपवून उठतात. पण तिकडे ती संस्था होती. इथे संस्था म्हणजे मी.

नानांकडून काय होतं आणि काय होत नाही, ते आधी समजून घे. बघणं त्यांचं, खायला घालणं त्यांचं, दिवा लावणं-मालवणं त्यांचं. त्यात ते कुणाला हात घालू देत नाहीत आणि आपणही घालू नये. तेवढ्यासाठी तर टाकी आहे. गणिताचे मास्तर, त्यामुळे वही आलीच: तारीख, वेळ, आधी कोण वर आलं, कोण रुसून कोपऱ्यात बसलं. शेपटीवर पांढरा ठिपका असलेला शेवटी येतो आणि सगळ्यांत जास्त खातो, हे त्यांनीच मला दाखवलं.

घोळ होतो तो खाण्याचाच. डबी तिरकी केली की त्यांच्या थरथरत्या हातातून एकदम मूठभर दाणे पडायचे. तासाभराने विसरायचे आणि पुन्हा घालायचे, कारण माणूस दिसला की मासे काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करतात. गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, आणि ते सारखे खायला मागतात. उरलेलं तळाशी कुजतं आणि तेच पाणी त्यांच्या कल्ल्यांतून फिरतं. दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच घालायचं असतं. म्हणून मी औषधाच्या दुकानातून सात खणांची गोळ्यांची डबी आणली. रविवारी मी ती भरून ठेवते, एका खणात एका दिवसाचे दाणे. खण रिकामा दिसला की आजचं झालं. नानांच्या बीपीच्या गोळ्यांची डबी निळी आहे, म्हणून ही मुद्दाम लाल घेतली आणि टाकीच्या स्टँडला सुतळीने बांधली. चष्मा नसला की त्यांना सगळ्या डब्या सारख्याच. मोठा डबा आपल्या घरी कपाटात. आता कुणी पाहुणा ‘बिचारे उपाशी दिसतात’ म्हणत ब्रेडचा तुकडा मोडायला लागला, तर नाना वही पुढे करतात.

पाण्याचं काम मात्र त्यांचं नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि घाणीतून अमोनिया सुटतो, आणि पाणी कितीही नितळ दिसलं तरी तो त्यात असू शकतो. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती झाली की काही जण त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य. ते पाणी बदलून काढून टाकायचं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदाराने कार्यक्रमाच्या दिवशीच नळाचं पाणी भरून पाच मासे सोडले, आणि दोन गेले ते त्यामुळे. तुझी आत्या नजर लागली म्हणते. तिला आता वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ हवे आहेत. छप्पन्न लिटरमध्ये नऊ गोल्डफिश कसे राहतील? आहेत ते तीनच पुष्कळ झाले.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी काढायचं, म्हणजे चौदा लिटर, एक भरलेली बादली. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्यात क्लोरीन मारणारे थेंब घालायचे. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा तर थेंबांशिवाय नाहीच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही. नाहीतर बसलेली वस्ती क्लोरीनने मरू शकते. काढलेलं पाणी जास्वंदीला, आणि जास्वंद बघशील तर ओळखणार नाहीस. या सगळ्यात सोप्यातल्या शहाबादीवर पाणी सांडतंच. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, ओली फरशी! माशांपेक्षा मला त्या फरशीची धास्ती. फरशी कोरडी होईपर्यंत नानांना खुर्चीतून उठू देत नाही, ते रागावतात.

हातही घालू देत नाही. त्यांना साखर आहे, बोटाला काही ना काही खरचटलेलं असतं. माशांच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू असू शकतो. जखमेतून शिरला तर बोटावर गाठ येते आणि महिनोन्महिने औषध घ्यावं लागतं. मी कोपरापर्यंतचे हातमोजे वापरते. बाबांनी वायरी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबतील आणि मग वर चढतील अशा लावल्यात, म्हणजे थेंब ओघळला तरी खाली पडतो, प्लगात जात नाही. कामाच्या मावशींना डासांचा स्प्रे सोप्यात मारायचा नाही असं बजावलंय. त्यातली औषधं माशांना फार विषारी.

उन्हाळा कसाबसा निभावला. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, वीस-बावीस अंश त्याला आवडतात, आणि इथे टाकीचं पाणी तीस-बत्तीसवर. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, म्हणून ते वर येऊन हवा गिळत होते. दुपारी दिवा बंद, झाकणाऐवजी जाळी, वरून टेबलफॅन. वीज गेली की मी तिकडे पळत होते.

आता पावसाळा, आणि चार फुटीचा खरा अडसर इथे आहे. तू म्हणतोस ती चार बाय दीड बाय दीड टाकी म्हणजे बाबांच्या हिशेबाने २५५ लिटर. नुसतं पाणीच पाव टन, काच-दगड वेगळे. तळमजल्यावर ठेवावी तर गावभागातलं ते घर पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्या सोप्यात काय राहिलं होतं ते तू पाहिलं आहेस, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावाधाव. माडीवर ठेवावी तर लाकडी तुळयांवर एवढा भार घालायला मी तयार नाही, आणि नानांचे गुडघे जिना चढत नाहीत. न दिसणारी टाकी काय कामाची?

दोन फुटीचं मात्र आम्ही ठरवून ठेवलंय. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. आपण ३५ लाच हलायचं. नाना रोज सकाळी आयर्विनचा आकडा बघतातच, आता तो माशांच्या वहीत लिहायचा. मासे त्यांच्याच पाण्यासकट दोन झाकणाच्या बादल्यांत, झाकणाला भोकं. स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून वेगळ्या डब्यात. टाकी रिकामी करूनच उचलायची. भरलेली उचलली तर काचेचे सांधे उसवतात. आधी नाना आणि त्यांची औषधं, मग बादल्या. हा क्रम मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलाय, कारण नाना आधी बादल्या म्हणतील.

शेवटचं, आणि ज्यासाठी खरं तर हे पत्र. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. नानांना हे कुठेतरी वाचायला मिळालं, त्यांनी मनात बेरीज केली आणि मला शांतपणे विचारलं, “शोभा, हे मला पुरून उरणार. कुणाच्या नावावर करू?” मी हसण्यावारी नेलं नाही, कारण ते चेष्टा करत नव्हते. शेजारचे म्हणतात, वेळ आली तर माई घाटावर सोडून या, पुण्य लागेल. कसलं पुण्य! टाकीतला मासा नदीतला नसतो. तो आपले रोग घेऊन जातो, आणि जगलाच तर तिथल्यांच्या तोंडचं खातो. काच साफ करायला म्हणून लोक सकर नावाचा मासा आणतात, तो फूटभर झाला की नदीत सोडतात, आणि आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत कोळ्यांच्या जाळ्यात तोच येतो. दुकानदार परत घेतीलच असंही नाही.

तेव्हा टाकी तू दिलीस, मासे तुझे. बाबा आणि मी साठी ओलांडलेली माणसं, आमच्या नावावर नको. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोन फूट जागा होईल की नाही, घरमालक चालवून घेईल की नाही, याचा विचार कर आणि नानांना सांग. फोनवर नको, समोर बसून. ‘बघू’ म्हणू नकोस, त्यांना ते आवडत नाही.

महिन्यातून एक रविवार तू आलास तर मोठी सफाई तुझी: दगड उपसणं, काच खरवडणं, फिल्टर उघडणं. माझी पाठ त्यातून सुटेल. तेवढ्या सफाया नेमाने झाल्या, तर चार फुटीचं पुन्हा बोलू, पण माझं उत्तर बहुतेक तेच असेल.

पुढच्या शनिवारी येताना चार्जिंगवर चालणारा एअर पंप घेऊन ये, सेलवरचा नको. पाण्यातला अमोनिया तपासायचा थेंबांचा संच मिळाला तर तोही. पट्ट्यांचा रंग नानांना ओळखू येत नाही, मलाही धड येत नाही. रात्रीच्या गाडीने येत असशील तर बाबा स्टँडवर येतील, आधी कळव.

तुझी,
आई