जागरण, सेरोटोनिन आणि आकडी

सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणून मोकळे होणे सोपे. पण त्याचा कारभार दुहेरी आहे. ‘१ए’ ग्राहीवर (चेतापेशीवरच्या, रसायन पकडणाऱ्या जागेवर) बसले की ते पोटॅशियमच्या वाटा उघडून चेतापेशीला शांत करते, ‘२ए’वर बसले की चेतवते. त्यामुळे ‘वाढले की बरे’ हा हिशेब आकडीच्या बाबतीत चालत नाही.

जागरणाचा परिणाम मात्र सरळ दिसतो. जागेपणाचे तास वाढतात तशी मेंदूच्या बाह्यकाची (बाहेरच्या थराची) उत्तेजनक्षमता चढत जाते. आकडीचे निदान अडले तर मुद्दाम जागरण करवून ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढतात. किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्मारात (किशोरवयात सुरू होणाऱ्या, स्नायूंना अचानक झटके देणाऱ्या आकडीच्या आजारात) रात्र जागून काढली की सकाळी उठल्या उठल्या हात झटकतात, हातातला कप उडतो. ‘झोप झाली नसेल’ म्हणून घरचे ते सोडून देतात (कारण बरोबर, निष्कर्ष चूक!) आणि मग एखाद्या दिवशी मोठी आकडी येते.

नैराश्यावरच्या एसएसआरआय (सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणाऱ्या) गोळ्या नेहमीच्या मात्रेत सहसा आकडीचा धोका वाढवत नाहीत. क्लोमिप्रामिन आणि बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधांना मात्र जपावे, विशेषतः मात्रा वाढवताना. आकडीचा पूर्वेतिहास असेल तर गोळ्यांच्या नावांबरोबर गेल्या आठवड्यातले झोपेचे तासही डॉक्टरांना लिहून द्यावेत. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

– एक वाचक